पिस्तूल कमरेला नेमकं कुठे? होल्स्टरची जागा ठरवताना

ह्यूस्टनजवळ एका मित्राकडे गणपतीची आरती होती. परवाना हातात येऊन महिनाही झाला नव्हता, आणि मी मोठ्या हौसेने पिस्तूल घोट्याला बांधून गेलो होतो. दारात बूट काढले तेव्हा काही वाटलं नाही. आरती झाली, सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले, मीही बसलो. पँट वर सरकली आणि शेजारी मोदक खात बसलेल्या सहा वर्षांच्या पोराने विचारलं, "काका, तुमच्या पायाला काय लागलंय?" मी "क्रेप बँडेज" म्हणालो आणि पाणी आणायच्या निमित्ताने उठलो. घोट्याचं ते होल्स्टर, म्हणजे पिस्तूल अडकवायचं कवच, त्या रात्री खणात गेलं, ते अजून तिथेच आहे.

होल्स्टर विकणारे पिस्तुलाची लांबी विचारतात, कमरेचं माप विचारतात. तुम्ही दिवसभर कसे बसता हे कुणी विचारत नाही, आणि जागा ठरते ती त्यावरूनच. आपण दारात बूट काढतो, जमिनीवर बसतो, थोरांच्या पाया पडायला कमरेतून वाकतो, कडेवर पोर घेतो. इंग्रजी व्हिडिओ बनवणाऱ्या टेक्ससच्या गड्याला यातलं फारसं काही करावं लागत नाही. म्हणून हा लेख अमेरिकेत, त्यातही टेक्ससमध्ये, नव्याने पिस्तूल झाकून बाळगू पाहणाऱ्या मराठी माणसांसाठी. बाळगावं की नाही यावर घरात काय बोलायचं ते तुम्ही बोलला असाल असं धरून चालतो.

आधी कायदा

एच-१बी, एल-१, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असाल तर इथेच थांबा. केंद्रीय कायद्याने अशा व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे. वैध शिकारी परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, पण "मित्राची आहे, मी फक्त नेमबाजीच्या रेंजवर हातात घेतली" हे त्यात बसत नाही. शिक्षा १५ वर्षांपर्यंतची आहे आणि ग्रीन कार्डाची रांग जाते ती वेगळीच. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हातात आल्यावर पुढचं वाचा.

टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येतं. तरीही मी परवाना काढाच म्हणेन. चार ते सहा तासांचा वर्ग आणि ५० गोळ्यांची नेमबाजीची परीक्षा, एवढंच काम. तो असला की इतर अनेक राज्यांत चालतो, आणि शाळेपासून १,००० फुटांच्या केंद्रीय बंदीतून परवाना देणाऱ्या राज्यापुरती सूट मिळते. शाळेच्या आत मात्र परवाना असला तरी मनाई आहे. आपल्यातल्या अनेकांची रविवारची मराठी शाळा भाड्याने घेतलेल्या शाळेच्या इमारतीत भरते, हे लक्षात ठेवा. ग्रीन कार्ड-नागरिकत्वाच्या मुलाखतीचं ऑफिस ही केंद्र सरकारची जागा, तिथेही नाही. दुकानांच्या दारावर ३०.०६ आकड्याची (झाकलेलं पिस्तूल आत आणू नका असं सांगणारी) इंग्रजी-स्पॅनिश पाटी दिसली, किंवा बारच्या दारावर लाल ५१ टक्के (निम्म्याहून जास्त धंदा दारूचा, म्हणून शस्त्राला मनाई) दिसलं, की मागे फिरा. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय ही राज्यं टेक्ससचा परवाना ओळखत नाहीत. न्यू जर्सीत एडिसनला मावशीकडे जाताना पिस्तूल घरीच ठेवायचं.

घड्याळाची भाषा

जागा सांगताना सगळे घड्याळ वापरतात. बेंबी म्हणजे १२. उजव्या हाताच्या माणसाची उजवी कड ३, पाठीचा कणा ६, डावी कड ९. डावखुरे असाल तर आरशात बघितल्यासारखं उलटं करून घ्या. होल्स्टर पँटच्या आत खोचायचं की बाहेर बेल्टवर लावायचं हा दुसरा प्रश्न. बाहेरचं आरामशीर असतं, पण ते झाकायला जाकीट लागतं, आणि ह्यूस्टनच्या जूनमध्ये जाकीट घालणारा माणूस झाकलेल्या पिस्तुलापेक्षा जास्त लक्ष वेधून घेतो. तेव्हा बोलूया ते पँटच्या आतल्या होल्स्टरबद्दल.

जागेआधी होल्स्टर आणि बेल्ट

आजच्या बहुतेक लहान पिस्तुलांना बाहेरून दाबायचा सेफ्टीचा खटका नसतो. ग्लॉक १९ घ्या, तिची मुख्य सेफ्टी चापातच (ट्रिगरमध्येच) आहे, चाप मागे गेला की गोळी सुटते. म्हणजे खिशात, पर्समध्ये किंवा नुसतंच कमरेला खोचलं, तर त्या चापाला राखण कुणाची? होल्स्टरची. म्हणून पहिली अट ही की त्याने चाप आणि चापाभोवतीचं कडं पूर्ण झाकलं पाहिजे, आणि इतक्या कडक प्लास्टिकने की बाहेरून अंगठ्याने दाबलं तरी आत काही हलू नये. कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकची, तुमच्याच मॉडेलसाठी घडवलेली होल्स्टरं साठ ते शंभर डॉलरला मिळतात. "सगळ्या पिस्तुलांना बसतं" असं लिहिलेलं मऊ कापडी होल्स्टर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. चामड्याचं चालतं, पण जुनं होऊन त्याचं तोंड लुळं पडलं की ती कड पिस्तूल आत सारताना चापावर दुमडते. माझ्या चामडी होल्स्टरचं तोंड एका उन्हाळ्याच्या घामाने असं झालं होतं की रिकामं पिस्तूल आत सारून बघितलं तेव्हा "टक" असा आवाज आला. रिकामं होतं म्हणून इथे लिहितोय.

दुसरी अट, पिस्तूल आत गेल्यावर होल्स्टर उलटं धरून हलवलं तरी पडू नये. तिसरी, क्लिपने बेल्ट असा धरावा की पिस्तूल उपसताना अख्खं होल्स्टर बरोबर येऊ नये. स्वस्त क्लिपा हमखास दगा देतात.

आणि बेल्ट! भरलेली ग्लॉक १९ सुमारे ८५० ग्रॅमची, म्हणजे किलोला थोडी कमी. ऑफिसच्या मऊ बेल्टवर ती दुपारपर्यंत बाहेर कलंडते आणि मग माणूस दर दहा मिनिटांनी पँट वर ओढत बसतो. दीड इंच रुंद, आडवा धरला तर लोंबकळत नाही असा कडक बेल्ट घ्या. जागा चुकली म्हणून तक्रार करणाऱ्या निम्म्या लोकांची खरी तक्रार बेल्टची असते, हे माझं मत.

कुठली जागा

नवख्याने ३:३० ते ४ पासून सुरुवात करावी. उजव्या कुल्ल्याचं हाड संपतं आणि मागचा खोलगा सुरू होतो तिथे. होल्स्टर थोडं पुढे झुकवलं की मूठ पाठीच्या रेषेत बसते आणि शर्टातून उठून दिसत नाही. पिस्तूल आत सारताना नळी शरीराला जवळजवळ समांतर, मांडीच्या बाहेरून खाली जाते. हात अजून बसलेला नसतो त्या दिवसांत चूक झाली तर ती तुलनेने कमी महागात पडते, हे माझ्या शिफारशीचं खरं कारण.

तोटे आहेतच. वाकलात की मूठ शर्टाच्या मागून तंबूच्या खांबासारखी उभी राहते. म्हणजे पाया पडताना नेमकी पंचाईत, मागच्या सगळ्यांना दिसतं. उपाय जुनाच आहे, गुडघ्यात वाकून खाली बसायचं. जड वस्तू उचलायची योग्य पद्धतही तीच आहे, तेव्हा पाठही खूश. दुसरा तोटा गाडीत. इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो, सीटबेल्टचं बक्कल उजव्या कुल्ल्याशी येतं, आणि पिस्तूल त्या बक्कलाच्या आणि सीटच्या मध्ये गाडलं जातं. तिसरा, गर्दीत पाठीमागून कुणाचा हात लागला तर तुमचं लक्ष नसतं.

दुसरी जागा १ वाजता, पोटाच्या उजव्या बाजूला, जिला इथे अपेंडिक्स म्हणतात. आज शिकवणारे बहुतेक हीच वापरतात. दोन्ही हात तिथे पोचतात, गाडीत सीटबेल्टच्या आड येत नाही, गर्दीत पिस्तूल डोळ्यांसमोर राहतं. कुर्ता घालणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी कट असतो, तो कुल्ल्यापाशी उघडतो. ४ वाजता ठेवलेलं पिस्तूल फळीवरचा डबा काढताना त्या कटातून डोकावतं, १ वाजता ठेवलेलं कुर्त्याच्या समोरच्या कापडाखाली झाकलेलं राहतं. दिवाळीच्या दिवशी आरशासमोर हात वर करून बघितलं तेव्हा मला हे कळलं.

मग सगळ्यांना हीच का सांगत नाही? कारण बसल्यावर नळी मांडीकडे किंवा त्याहून नाजूक जागेकडे रोखलेली असते, आणि मांडीच्या मुळाशी मोठी धमनी असते. ती फुटली तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो. पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि चाप झाकलेला असेल तर नुसतं बसून काही होत नाही, ते आपोआप उडत नाही. धोक्याचे क्षण आत सारण्याचे असतात. ते हजारदा रिकाम्या पिस्तुलाने करून हात बसला की या जागेचा विचार करा, आधी नको.

पोट सुटलेल्यांना वाटतं ही जागा आपल्यासाठी नाहीच. तसं नाही. होल्स्टरच्या तळाशी आतून फोमची पाचर लावली की तळ पोटापासून बाहेर ढकलला जातो आणि मूठ आत वळते. मुठीच्या बाजूला येणारा प्लास्टिकचा छोटा पंख बेल्टला टेकून तीच मूठ आणखी आत दाबतो. या दोन गोष्टींनी जो फरक पडतो तो वीस हजार शब्दांनी पटणार नाही, लावून बघा. आणखी एक, उठून दिसते ती मूठ, नळी नव्हे. नळी पँटमध्ये जाते. त्यामुळे अगदी आखूड नळीचं पिस्तूल घेतलं म्हणजे झाकायला सोपं, हा समज चुकीचा. आखूड पिस्तूल बेल्टवरून उलट बाहेर कलंडतं. झाकायचं असेल तर मुठीची उंची कमी असलेलं बघा. २०१८ मध्ये आलेलं सिग पी३६५ इतकं खपलं ते यामुळेच, मूठ बुटकी असूनही आत दहा गोळ्या आणि रिकामं वजन अर्ध्या किलोच्या आसपास.

मांडी घालून बसायचं असेल तर १ वाजताची मूठ पोटात रुतते. होल्स्टर थोडं उंच घ्या, किंवा पाठीला तक्क्याचा टेका घेऊन बसा. सत्यनारायणाच्या पूजेला यजमान म्हणून तीन तास बसणार असाल तर त्या दिवशी पिस्तूल तिजोरीतच बरं.

बायकांची कंबर बहुधा जास्त आत आणि कुल्ले रुंद असतात, त्यामुळे ४ वाजताची मूठ थेट बरगडीत घुसते. माझ्या बायकोने दोन दिवसांत ती जागा सोडली. तिला १ च्या जरा आत, बेंबीजवळ, लहान पिस्तूल आणि वर सैल टॉप एवढं जमलं. जीन्स न घालता लेगिंग्ज असतील तर पोटावर बांधायचा रुंद पट्टा मिळतो, पण त्यात चापावर कडक कवच असलेलाच घ्या. साडीवर? परकराच्या नाडीवर अर्धा किलो टांगायचा प्रयोग तिने एकदा केला आणि हसत सोडून दिला. साडीच्या दिवशी नाही.

बाकीच्या जागा झटपट

६ वाजता, बरोब्बर कण्यावर, कधीच नाही. घसरून पाठीवर पडलात तर लोखंडाचा तुकडा मणक्याखाली येतो. खांद्याचं होल्स्टर जाकिटाशिवाय झाकत नाही आणि आडव्या नळीचं असेल तर मागच्या माणसावर रोखलेलं राहतं. खिशात ठेवायचं तर खिशाचं खास होल्स्टर हवं आणि त्या खिशात दुसरं काही, किल्लीसुद्धा, नको. घोट्याबद्दल वर सांगितलंच.

पर्स किंवा बॅग मात्र झटपट उरकता येत नाही. ३० डिसेंबर २०१४ ला आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं आणि गोळी सुटून आई तिथेच गेली. ती पर्स पिस्तुलासाठी वेगळा चेनचा कप्पा असलेली, खास त्यासाठीच बनवलेली होती. बॅग आपण खाली ठेवतो, खुर्चीला अडकवतो, "जरा धर" म्हणून दुसऱ्याच्या हातात देतो. आणि बॅगेतलं आपण विसरतो. २०२३ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर सुरक्षातपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या, आणि "बॅगेत आहे हे विसरलोच" हे तिथलं नेहमीचं उत्तर. अंगावरचं पिस्तूल असं विसरत नाही, टोचत राहतं. घरात लहान मूल असेल तर बॅग हा पर्याय यादीतूनच काढा.

ओघात एक. रेंजवर नेलेली बॅग भारताच्या प्रवासाला कधीही वापरू नका. अस्तरात अडकलेलं एक काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर सापडलं तरी शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो आणि सुट्टी वकिलाकडे जाते. भारतात परवानाधारक नातलग असतील तर त्यांनाही सांगा, २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलंच हवं. लग्नात कमरेला दिसेल असं लावून मिरवणारे काका नियम मोडत असतात.

घरी चाचणी

काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा, त्या खोलीचं दार लावा. मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढा, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्याने बघा, मग करंगळी घालून चाचपा. निळ्या प्लास्टिकचं खोटं पिस्तूल मिळालं तर आणखी उत्तम. आता निवडलेल्या जागी लावून आठवडाभर घरात वावरा. डिशवॉशर भरा. मांडी घालून जेवा. पोराला उचला. गाडीत बसून सीटबेल्ट लावा, काढा. फळीवरचा डबा काढा. मागून बायकोला बघायला सांगा, आणि ती जे म्हणेल ते ऐका. दिवसातून किती वेळा नकळत हात तिकडे गेला ते मोजा. नवखा माणूस पिस्तूल दिसल्याने पकडला जात नाही, सारखं चाचपल्याने पकडला जातो. टोचत असेल तर आधी होल्स्टरची उंची अर्धा इंच बदला, मग झुकाव बदला. एकावेळी एकच. दोन्ही एकदम बदललं की काय कामाला आलं ते कळत नाही.

आत सारणं

पिस्तूल भरलं की ते आधी टेबलावरच्या होल्स्टरमध्ये सारा, नळी सुरक्षित दिशेला, आणि मग ते होल्स्टरसकट कमरेला लावा. अंगावरच्या होल्स्टरमध्ये सारायची वेळ मुख्यतः रेंजवर येते. तेव्हा बोट चापापासून दूर, फ्रेमवर, म्हणजे पिस्तुलाच्या सांगाड्यावर, सरळ. डाव्या हाताने शर्ट छातीपर्यंत वर धरायचा. खाली बघायचं, चक्क बघायचं, यात लाज नाही. १ वाजता असेल तर कंबर पुढे काढून मागे झुकायचं, म्हणजे नळी अंगापासून दूर जाते. मग सावकाश. जरा जरी अडलं तरी ढकलायचं नाही, बाहेर काढायचं आणि काय अडलं ते बघायचं. हुडीची दोरी, शर्टाचं टोक, पायजम्याची नाडी, यांतलं काही चापाच्या कड्यात शिरलं की तेच तुमच्याऐवजी चाप ओढतं. बाहेर घोडा (हॅमर) असलेलं पिस्तूल असेल तर आत सारताना अंगठा घोड्यावर टेकवून ठेवा, चाप दाबला जात असेल तर घोडा मागे सरकताना अंगठ्याला कळतो.

संडासात

हे कुणी शिकवत नाही आणि पहिल्याच आठवड्यात गरज पडते. इथल्या सार्वजनिक संडासांचे आडोसे जमिनीपासून फूटभर वर असतात. पँट घोट्यापर्यंत सोडली की पिस्तूल शेजारच्याच्या नजरेसमोर पडतं. ते दाराच्या हुकाला लटकवायचं नाही, कागदाच्या डब्यावर ठेवायचं नाही, तिथे विसरलेली पिस्तुलं पुढच्या माणसाला सापडतात. होल्स्टरमधून अजिबात काढायचं नाही. पँट गुडघ्यांपर्यंतच आणायची, बेल्ट तिथेच पुन्हा लावायचा, गुडघे जरा फाकवले की बेल्ट ताणलेला राहतो आणि होल्स्टर उलटं होत नाही. उठताना आधी कंबर पकडून वर ओढायचं, मग बक्कल. घरी दोनदा रंगीत तालीम करा, हसू येईल, पण करा.

रात्री

घरी आल्यावर होल्स्टरसकट काढा, तसंच कुलपाच्या छोट्या तिजोरीत. पिस्तूल रोज बाहेर काढून रोज आत सारलं तर धोक्याचा क्षण रोज दोनदा येतो, होल्स्टरसकट हलवलं तर एकदाही नाही. तिजोरीची फट पोराच्या बोटाएवढी नसावी आणि कुलपाचा आकडा त्याची जन्मतारीख नसावी. दुसऱ्या दिवशी लावायच्या आधी क्लिपचे स्क्रू नखाने फिरवून बघा, महिन्याभरात ते ढिले होतात. माझा एक स्क्रू किराणा दुकानात निसटला होता, कोथिंबिरीच्या जुड्या निवडताना. आता प्रत्येक स्क्रूवर निळ्या लॉकटाइटचा, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एक थेंब असतो.